मोठी कुस्ती कोणती?

मार्च 2025 च्या अखेरीस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच बातमी फिरून फिरून येत होती. सोलापूरचा वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. कर्जतच्या मैदानात त्याने पृथ्वीराज पाटीलला हरवलं. माझ्या मावशीने आयुष्यात एक कुस्ती पाहिलेली नाही, पण तिनेही दंड फुगवलेले सहा इमोजी टाकले.

दुसऱ्या दिवशी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, मी ही बातमी जरा छाती फुगवूनच सांगितली. समोर मुळशीचा एक सहकारी चहा पीत होता. तो म्हणाला, ‘‘महाराष्ट्र केसरी? तो तर आमचा पृथ्वीराज मोहोळ. फेब्रुवारीतच झाला की अहिल्यानगरला. तुमचा कुठला काढला मध्येच?’’ मी फोन काढला, त्यानेही काढला. दोघांच्याही बातम्या खऱ्या होत्या. दोन महिन्यांच्या आत, एकाच जिल्ह्यात, दोन महाराष्ट्र केसरी झाले होते.

हे पहिल्यांदाच झालं असंही नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ फुलगावला आमच्या मोहोळचा सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरनेही महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. कारण संघटना दोन. जुनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद भारतीय कुस्ती महासंघाने 2022 मध्ये बरखास्त केली आणि नव्या कुस्तीगीर संघाला मान्यता दिली. प्रकरण कोर्टात गेलं आणि दोन्ही बाजू आपापली स्पर्धा भरवत राहिल्या. आमच्या कामात एका प्रोजेक्टच्या अशा दोन मेन ब्रांच झाल्या, तर कुणीतरी शनिवार-रविवार घालवून त्या निस्तरतं. इथे निस्तरणारा कुणी दिसत नव्हता.

मी हे सगळं गंमत म्हणून विसरूनही गेलो असतो. पण आठवड्याभराने मामाचा फोन आला.

मामाचं गाव मोहोळ तालुक्यात. त्याचा धाकटा मुलगा, माझा मामेभाऊ, अठरा वर्षांचा, तालमीत राहतो आणि 57 किलोत खेळतो. त्याच्यापुढे एक पेच होता. गावच्या यात्रेत त्याला अकरा हजारांची जोड लागली होती. आणि यात्रेच्याच दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. यात्रेची कुस्ती सोडली तर पैसे जाणार आणि यात्रा कमिटीही नाराज होणार. चाचणी सोडली तर वर्ष जाणार. मामा म्हणाला, ‘‘आरं, तू दिवसभर कंप्युटरवर बसतूस. जरा बघून सांग, ह्यातली मोठी कुस्ती कुठली?’’

प्रश्न साधा वाटला. इंजिनिअरची सवय म्हणून मी एक एक्सेल शीट उघडली. ओळींमध्ये स्पर्धा: गावची यात्रा, महाराष्ट्र केसरी, हिंद केसरी, राष्ट्रीय स्पर्धा, राष्ट्रकुल, एशियाड, जागतिक, ऑलिम्पिक. रकान्यांमध्ये कधी सुरू झाली, किती वर्षांनी होते, कोण उतरू शकतं, काय मिळतं. प्रत्येकीला गुण देऊन बेरीज केली की उत्तर येईल, असं वाटलं होतं. तासाभरात कळलं की या ओळी एकमेकींना लागतच नाहीत. मग मी गुण देणं सोडलं आणि या स्पर्धांना मोठेपणा दिला कुणी, ते वाचायला लागलो. हा लेख त्यातून झाला.

*

गावच्या यात्रेत मोठेपणाचं माप अगदी सरळ असतं. हलगी वाजते, आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या होतात, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजाराच्या. ऊन उतरत जातं तसे आकडे चढत जातात. दिवस मावळताना एक नंबरची कुस्ती लागते. सगळी गर्दी थांबलेली असते ती तिच्यासाठी. चौकातल्या फ्लेक्सवर याच क्रमाने फोटो असतात. एक नंबरचे दोघं अर्धा फ्लेक्स व्यापतात आणि 57 किलोवाले खालच्या पट्टीत पासपोर्ट साइजमध्ये दाटीवाटीने बसतात. माझा मामेभाऊ त्या पट्टीतला.

यात्रेत हे माप गाव ठरवतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठ्या कुस्तीचं माप दरबार ठरवायचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1902 मध्ये युरोपच्या दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्याकडे हवं हे मनात घेतलं. 1907 ते 1912 या काळात खासबाग मैदान उभं राहिलं. 1912 मध्ये तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची गाजलेली कुस्ती झाली. इमामबक्ष हा गामा पैलवानाचा भाऊ. ही काही फेऱ्याफेऱ्यांची स्पर्धा नव्हती, नेमून लावलेली एक जोड होती. राजाने जोड लावली, राजा बघायला बसला, म्हणून ती मोठी.

खुद्द गामाची गोष्ट याच प्रकारची. 1910 मध्ये तो लंडनला गेला. झबिस्को या पोलंडच्या बलाढ्य मल्लाशी त्याची कुस्ती अडीच तासांच्या वर चालून बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढत ठरली, तर झबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. 1928 मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं आणि गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. गामाला जगातला थोर मल्ल मानणारे लोक त्याने कुठली स्पर्धा जिंकली हे विचारत नाहीत. त्याने कुणाला पाडलं, एवढंच सांगतात.

1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बाकीची संस्थानंही याच सुमाराला गेली. पैलवानाचा खुराक, तालमीचा खर्च, मानाचा फेटा, हे सगळं ज्याच्या दारातून यायचं तो दरवाजा बंद झाला. मैदानं होती, मल्ल होते, पण ‘हा सगळ्यात मोठा’ असं म्हणण्याचा अधिकार असलेला कुणी उरला नव्हता.

ती जागा संघटनांनी घेतली. 1953 मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. 1950 च्या दशकाच्या शेवटी हिंद केसरी हा किताब आला. 1959 मध्ये दिल्लीत श्रीपती खंचनाळे यांनी पंजाबच्या बंता सिंगला हरवून तो जिंकला. खंचनाळे सीमाभागातल्या एकसंब्याचे, घडले कोल्हापूरच्या तालमीत. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी, 1961 मध्ये, औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. दिनकर दह्यारी पहिले विजेते.

या तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर मला पहिल्यांदा काहीतरी कळलं. महाराष्ट्र केसरी आपल्याला अनादि काळापासूनची वाटते. आमच्या घरात तर ती पंढरीच्या वारीइतकीच जुनी असावी असं सगळे बोलतात. पण ती राज्यापेक्षा एक वर्षाने लहान आहे. राज्य नवं होतं, त्याला राजा नव्हता. मग राज्याच्या नावाने गदा आली. अधिवेशन दरवर्षी वेगळ्या गावी भरायचं: धुळे, अमरावती, नाशिक, खामगाव, अलिबाग, लातूर. विदर्भ, मराठवाडा, कोकण आणि देश एकाच किताबासाठी एका मैदानात जमत होते. 1976 ला ही स्पर्धा आमच्या जिल्ह्यात अकलूजला झाली, हिरामण बनकर जिंकले. 1986 ला सोलापूरला झाली, गुलाब बर्डे जिंकले.

1986 ची कुस्ती मामाने पाहिली आहे. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, गावातल्या मोठ्या पोरांबरोबर ट्रकच्या टपावर बसून गेला होता. बर्डेंचं नाव तो आजही झटकन घेतो. ‘‘आणि मामा, त्या वर्षी 57 किलोत कोण आलं?’’ असं मी विचारलं. त्याला आठवेना. पुढे तो स्वतः त्याच वजनात दहा वर्षं खेळला, तरीही.

*

आता माझ्या शीटमधल्या सगळ्यात वरच्या ओळीकडे येतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत घडलेला मल्ल तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा संस्थान उरलं नव्हतं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कराडच्या दुकानदारांनी आणि गावकऱ्यांनी जमेल तशी भर घातली.

जुलै 1952 मध्ये हेलसिंकीत, 57 किलोच्या बँटमवेट गटात, खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी ते हरले. इशीने पुढे सुवर्ण जिंकलं. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगितलं जातं. सोव्हिएत मल्लाकडून ते हरले आणि कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं.

कराडमध्ये शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती वगळली तर पुढची गोष्ट शांत आहे. 1955 मध्ये खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मृत्यूनंतर, या शतकाच्या सुरुवातीला. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव 2010 मध्ये लागलं. महाराष्ट्र आता त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून बघा. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. त्याच एशियाडमध्ये शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनीही एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. पण या दोघांची नावं तुम्ही कशी ऐकली आहेत? हिंदकेसरी मारुती माने. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. आंदळकर 1960 चे हिंद केसरी, माने 1964 चे. एशियाडचं सुवर्ण कुणी नावापुढे लावत नाही. ‘पैलवान’, ‘महाराष्ट्र केसरी’, ‘हिंदकेसरी’ ही आपल्याकडे नावाचाच भाग होणारी बिरुदं आहेत. स्वतंत्र भारताच्या सुरुवातीच्या काळात कुठली कुस्ती मोठी मानली जायची हे बघायला यापेक्षा चांगला पुरावा मला सापडला नाही. परदेशातलं पदक चांगलंच होतं, पण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. हिंद केसरीची कुस्ती पाहिलेले लोक गावोगाव होते.

*

एवढं वाचून झाल्यावर एका रात्री एक साधी गोष्ट लक्षात आली आणि मी शीट बंदच केली.

महाराष्ट्र केसरी हा किताब मोठ्या वजनाचा. आजच्या नियमात 86 ते 125 किलोचे मल्ल त्यासाठी भिडतात. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात शेवटची कुस्ती होते. बाकीच्या वजनगटांच्याही कुस्त्या त्याच मैदानात होतात, पदकंही मिळतात, पण केसरी त्यातला कुणी होत नाही. म्हणजे हेलसिंकीतला 57 किलोचा खाशाबा आज उठून आला, तर त्याला महाराष्ट्र केसरीसाठी अर्जसुद्धा भरता येणार नाही.

आजच्या काळातलं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्याचा राहुल आवारे. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. तोही त्या वजनात केसरीसाठी उतरू शकत नव्हता. त्याच्या पदकातही एक बारीक मेख आहे. 61 किलो हा गट जागतिक स्पर्धेत आहे, ऑलिम्पिकमध्ये नाही. त्या वजनात तुम्ही जगात तिसरे असलात, तरी ऑलिम्पिकला जायचं तर चार किलो उतरा नाहीतर चार किलो चढा. दोन्ही जगांत उठून दिसलेला एक माणूस आहे, नरसिंग यादव. 2011 पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी आणि 2015 ला 74 किलोत जागतिक कांस्य. पण तसे मोजकेच.

यावरून मला वाटतं ते असं. या स्पर्धा एकाच शिडीच्या पायऱ्या नाहीत, त्या वेगवेगळे प्रश्न विचारतात. केसरी विचारते, या मुलखात सगळ्यात ताकदवान कोण? तो जुना, दरबारी प्रश्न आहे, गामाला विचारलेला. ऑलिम्पिक विचारतं, बरोबरीच्या वजनाच्या माणसांत सगळ्यात चांगला कोण? तराजूवर उभं केल्याशिवाय हा प्रश्न सुरूच होत नाही. यात्रा विचारते, आज संध्याकाळी आमच्यासमोर कोण लढणार? आपण मात्र तिन्ही उत्तरं एका रांगेत लावतो आणि मग 57 किलोवाल्याचा फोटो फ्लेक्सच्या खालच्या पट्टीत जातो.

हा घोळ आपलाच आहे का, हे बघायला मी मुद्दाम कुस्तीपासून जास्तीत जास्त लांबचा खेळ शोधला, फिगर स्केटिंग. सोलापूरचा आणि बर्फाचा संबंध गोळ्याच्या गाडीपुरता. पण तिथेही हाच वाद निघाला. स्केटिंगची जागतिक स्पर्धा 1896 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू झाली. ऑलिम्पिकमध्ये स्केटिंग आलं 1908 ला, तेही लंडनच्या उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये, कारण हिवाळी ऑलिम्पिक तेव्हा जन्मलंच नव्हतं. स्वीडनचा उलरिक साल्को दहा वेळा जगज्जेता झाला. त्याच्या काळात मोठी स्पर्धा कुठली हे विचारायची गरज नव्हती, दरवर्षी होणारी ती जागतिकच. पुढे टीव्ही आला आणि चार वर्षांतून एकदा येणारी स्पर्धा सगळ्या जगाने एकदम बघायला सुरुवात केली. अमेरिकेची मिशेल क्वान पाच वेळा जगज्जेती झाली, ऑलिम्पिक सुवर्ण एकदाही नाही. 2002 ला ते सुवर्ण नेलं सारा ह्यूजने, जी कधीच जगज्जेती झाली नाही. त्यांच्यातलं मोठं कोण, यावर तिकडचे शौकीन अजून भांडतात. म्हणजे मोठेपण स्पर्धेच्या अंगातलं नसतं, बघणाऱ्यांनी दिलेलं असतं, आणि बघणारे बदलले की तेही बदलतं.

तिथलीच आणखी एक गोष्ट. 1902 मध्ये मॅज सायर्स नावाची बाई जागतिक स्पर्धेत उतरली, कारण बायकांनी उतरू नये असं नियमात लिहिलेलंच नव्हतं. पुरुषांच्यात ती साल्कोच्या पाठोपाठ दुसरी आली. चार वर्षांनी, 1906 मध्ये, बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली ती मार्च 2023 मध्ये, सांगलीला. सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. पुरुषांच्या स्पर्धेनंतर 62 वर्षांनी.

*

बघणारे बदलतात म्हणजे काय, हे ऑगस्ट 2024 मध्ये दिसलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. मराठी मातीतल्या खेळाडूचं खाशाबांनंतरचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, 72 वर्षांनी. सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले. पदक तेच, कांस्य. एकासाठी प्राचार्यांना घर गहाण ठेवावं लागलं, दुसऱ्याची लढत लोकांनी फोनवर थेट पाहिली.

पण मामाला मी हे सांगून काय उपयोग होता? त्याचा प्रश्न यात्रा की चाचणी हा होता. आणि त्या प्रश्नाच्या पोटात दोन महाराष्ट्र केसरींचा घोळ बसलेला होता. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि त्यात स्पर्धा कुणी भरवली, त्या संघटनेला मान्यता आहे का, हे बघितलं जातं. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे पोलिसात उपअधीक्षक झाले, हे तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. मोठ्या मल्लांना दोन गदांचा फारसा फरक पडत नाही, गदा उचलली की लोक ओळखतात. फरक पडतो तो खालच्या पट्टीतल्याला. अठरा वर्षांच्या पोराने घाम गाळून मिळवलेला कागद पाच वर्षांनी एखाद्या टेबलावर चालेल की नाही, हे त्याला आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो मात्र फ्लेक्सवर सगळ्यात वर असतात.

मी मामाला फोन केला. आधी चाचणी कोण घेतंय ते विचारलं, महासंघाच्या मान्यतेचं पत्र मागवायला सांगितलं. ते आलं. मग म्हणालो, ‘‘मामा, त्याच्या वजनाला केसरी नाही. यात्रेत तो कधीच एक नंबरला लागणार नाही. त्याची मोठी कुस्ती या चाचणीच्याच रस्त्यावर आहे.’’

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आणि खुराकाचं काय? दूध, तूप, बदाम काय चाचणीवाले देणारंत व्हय?’’

याला माझ्याकडे आकड्यांचं उत्तर नव्हतं. पण वाचलेली एक गोष्ट होती, ती सांगितली. हेलसिंकीहून परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्यात जमलेल्या पैशातून खर्डीकरांचं कर्ज फेडलं. देशाच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकाचं बिल शेवटी लाल मातीतल्या तिकिटांनी भागवलं. मामाने हे ऐकलं आणि एवढंच म्हणाला, ‘‘असं व्हय.’’

मामेभाऊ चाचणीला गेला. दुसऱ्या फेरीत गुणांवर हरला. मॅटवर कडेला गेल्यावर पाय बाहेर पडतो आणि गुण जातो, ही मातीतल्या पोरांची नेहमीची चूक, तीच त्याने दोनदा केली. यात्रेचे अकरा हजार गेले. यात्रा कमिटीने पुढच्या वर्षी बघू म्हटलं. मला वाटलं, आता मामा मला काहीतरी बोलणार. तो काही बोलला नाही, आणि ते जास्त लागलं.

रात्री उशिरा मामेभावाचा मेसेज आला, ‘‘दादा, खाशाबा पहिल्यांदा कितवे आले होते म्हणालास?’’

मी लिहिलं, ‘‘सहावे.’’

दोन आठवड्यांनी शेजारच्या गावच्या यात्रेत त्याला पाच हजारांची जोड लागली. फ्लेक्सवर खालच्या पट्टीत, डावीकडून तिसरा. तीन मिनिटांत त्याने समोरच्याला ढाकेवर चितपट केलं. व्हिडिओत हलगी इतक्या जोरात आहे की दुसरं काही ऐकू येत नाही. पैशाचं काय केलंस, असं मी विचारलं. त्याने फोटो पाठवला. मातीत अनवाणी लढतात, त्यामुळे त्याच्याकडे आजवर स्वतःचे कुस्तीचे बूट नव्हते. मॅटवर मित्राचे घालून जायचा, एक नंबर मोठे. फोटोत निळे नवे बूट होते, अजून खोक्यातच, आणि खोक्याच्या कडेला थोडी लाल माती लागलेली होती.